मार्गे मिलान

गंगाधरचा नंबर दिसला म्हणून मी फोन दोनदा कापला. बाजारात होतो, एका बोकडाच्या भावावरून तोंड वाजत होतं, आणि त्याच्यावर माझा राग होताच. तिसऱ्यांदा उचलला तर वहिनी होत्या. "भाऊजी, हे गेले..." त्याला आता दीड महिना झाला.

शिरड शहापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी दोन शेळ्यांवर धंदा उभा केला आणि तो हिंगोलीच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसला. कोणी गावाचं नाव घेतलं की हा आधी विचारायचा, "कोणत्या मार्गे?" निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही.

माझी सुनीता शिकायला इटलीत गेली, जेनोआ नावाच्या बंदराच्या शहरात. लग्न तिथंच केलं आणि मग मला कळवलं. मी बोलणं बंद केलं. तिची आई असती तर कदाचित... पण ती नाही. यंदा सुनीताला दिवस गेले, तेही तिनं गंगाधरला सांगितलं, मला नाही. ही सल अजून आहे.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी कागद घेऊन यायचा आणि बसची पाटी वाचावी तसं वाचायचा. "हिंगोली ते जेनोआ, मार्गे मुंबई, मिलान. मिलानहून रेल्वे, दोन तासाच्या आत. रोममार्गे लांब पडते, पण समुद्राच्या काठानं जाते. इमान थेट जेनोआलाबी उतरतं, पण मधी बदलावं लागतं. तिथं तू कोणाशी तरी भांडशील."

"तिनं आधी फोन करावा," मी म्हणायचो.

"शेठ, लेक हाय ती. भाव धरून काहून बसला? पहिलं बाळंतपण माहेरी असतं. डॉक्टर तिला इमानात बसू देईना. मग माहेरानं जावं का न्हाई?"

"तुला एवढा पुळका आहे तर तूच जा."

त्यानं कागदाची घडी केली आणि उठला. चार दिवस आला नाही. गिऱ्हाईक उठून गेलं तर मी हाक मारत नाही, ते आपणच परत येतं. गंगाधरचंही मी तसंच धरलं. पाचव्या दिवशी वहिनींचा फोन आला.

मी जाणार आहे, मिलानमार्गेच. सुनीताला कळवलं. ती फोनवर गंगाधरसाठी रडली. माझ्याशी दोनच वाक्यं बोलली.

तेराव्याला वहिनींनी त्याचा पासपोर्ट माझ्या हातात दिला. नवा, एकही शिक्का नसलेला. "तुमाला येकट्याला धाडायचं नव्हतं त्याहिला. तुमी व्हय म्हणायची वाट पाहून राहिले होते," त्या म्हणाल्या. तो आता माझ्या कपाटात आहे. फोटोत त्याच्या अंगावर माझा कोट आहे. दिवाळीत मागून नेला होता. कशाला ते त्यानं सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. परत कधी देतोस, एवढंच विचारलं होतं.