दादाची भूमिती

चौकोनाची दया येणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझा मामेभाऊ होता. बेलापूरच्या खाडीकाठी मामांकडे राहून मी शाळेत जायचो, तेव्हा हा दादा मॅट्रिकला बसायचा. बसायचाच, उठायचा नाही. इंग्रजी इतकं पक्कं की गावात तार आली की लोक त्यालाच हाक मारत. संस्कृत श्लोक तर तो म्हशीला पाणी पाजताना म्हणे. पण भूमितीच्या पेपरात चौकोनाचं क्षेत्रफळ आलं की संपलं. चारही बाजू असमान असलेली आकृती पाहून तो हळहळायचा, "चौघं चार तऱ्हेचे, तरी कसे एकमेकांना धरून आहेत बघ!" आमचे सर कपाळाला हात लावत. "अरे, कर्ण काढ, दोन त्रिकोण कर, बेरीज कर, सुटलास!" दादा खडू खाली ठेवायचा. "सर, चांगल्या धडधाकट आकृतीचे तुकडे कशाला?" मग लांबी-रुंदीचा अंदाजे गुणाकार, आणि पुन्हा नापास. मामी रडकुंडीला येई. "तो चौकोन काय तुजा भाव हाय का रं?" दादा विचार करून म्हणे, "असंल."

एका वर्षी खाडीचा बांध फुटला. खारं पाणी भातात शिरलं, आणि चूक कुणाची यावरून थोरले मामा, म्हणजे दादाचे वडील, नि धाकटे मामा भांडले ते कायमचे. चुली वेगळ्या झाल्या. वाटणीला भाताचं मोठं खाचर एकच, तेही वेडंवाकडं चौकोनी. पंच म्हणाले, "घरान शिकलेला पोर हाय, त्यालाच मोजू द्या."

दादा दोर घेऊन शेताच्या कोपऱ्यात उभा राहिला. "बा, अख्खं राहू द्या ना. फुटका बांध मी घालतो." दोघा भावांपैकी कुणीच मान वर केली नाही. तेव्हा त्याने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोर ताणला, दोन्हीकडचे लंब मोजले, मोठ्या त्रिकोणातून लहानात किती सरकवायचं तेही काढून दिलं. एकही चूक झाली नाही.

त्या साली दादा पास झाला. मामीने शिरा केला आणि त्याने वाटीभर भिंतीपलीकडे धाकट्या काकूला नेऊन दिला. काकूने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, पण वाटी रिकामी कशी द्यायची म्हणून तीत मूठभर साखर घातली. शेजाऱ्यापाजाऱ्यांची वाटी अशी परत करतात. दादा ती वाटी मांडीवर घेऊन ओटीवर बसून राहिला. आत मामी हाका मारत होती, पण त्याला उठवेना.