दाजी आणि दोन सॅलॅमँडर

सॅलॅमँडरला पाल म्हटलं म्हणून भांडायला उठणारा माणूस अख्ख्या जुन्नर-आंबेगावात एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता.

दाजी मंचरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. मेक्सिकोहून आलेल्या एका वर्गमित्रानं त्यांना औषधात बुडवलेले दोन सॅलॅमँडर दिले होते. निमगाव सावातल्या घरी त्या दोन बरण्या टीव्हीच्या डोक्यावर विराजमान असत. मॅच बघायला जमलेल्या शेजाऱ्यांना आधी त्यांचं दर्शन घ्यावं लागे. कुणी "पाल" म्हणालं की दाजी कडाडत, "अंगावर एक तरी खवला दिसतो का? बेडकाच्या नात्यातला आहे तो!" त्याहून मोठा गुन्हा म्हणजे दोघांना सारखंच म्हणणं. झाडावर राहणाऱ्याची बोटं बदकासारखी पडद्यात गुंतलेली, पाचोळ्यात राहणाऱ्याची सुटी. इतकं ढळढळीत लोकांना दिसू नये याचा त्यांना मनापासून संताप येई. "मतदान ओळखपत्रावर तुमच्या चुलतभावाचा फोटो चालेल का तुम्हाला?" असं त्यांनी त्यांची आई गेली तेव्हा सांत्वनाला आलेल्या पाहुण्यालाच सुनावलं होतं.

भाचीला बघायला मंचरचे पाहुणे आले, तेव्हा पोहे झाल्या झाल्या दाजींनी बरण्या मुलापुढं ठेवल्या. मुलगा बिचारा वाकून वाकून बघत राहिला. शेवटी त्याचा मामा म्हणाला, "काय राव, दोनी पालीच की! लई गुळगुळीत हायेत, एवढंच."

दाजी ताडकन उठले. "समोरचं ज्यांना दिसत नाही, त्यांच्या घरी माझी मुलगी जाणार नाही!"

पाहुणे चपला शोधू लागले. ताई रडकुंडीला आली. मला दाजींचा भयंकर राग आला. खरं सांगायचं तर थोडा त्या मामाचाही. तेवढ्यात चहा घेऊन आलेली भाची दारातूनच म्हणाली, "पप्पा, मला तरी कुठं फरक कळतो? तुम्ही ओरडाल म्हणून मान हलवत आले इतकी वर्षं. आणि मला मुलगा पसंत आहे."

दाजी गुपचूप बरण्या उचलून आत ठेवून आले आणि मामांना म्हणाले, "बसा पावणं. चहा गार होतोय."

लग्नात वाजंत्री उशिरा आले, भात कच्चा राहिला, वरातीतल्या पोरांनी मांडवाचा खांब पाडला. एरवी यातल्या एकेका गोष्टीवर दाजी आठवडाभर तणतणले असते. भाचीला घेऊन जीप गेल्यावर मात्र ते रिकाम्या मांडवात एका खुर्चीवर बसून राहिले. त्यांना असं गप्प बघवेना, म्हणून मी मुद्दाम काडी टाकली, "दाजी, भात चक्क कच्चा होता हां."

"असू दे रे," ते म्हणाले. "ती जेवली का नीट?"