माझी गुजरातेतली सवत

माझ्या नवऱ्याला दोन बायका आहेत असं मी हसत सांगते, आणि ऐकणारी गप्प झाली की मग खुलासा करते. दुसरी गुजरातेत असते. मैलभर खोल, माझ्याहून वयानं मोठी, आणि कायमची आजारी. ती तेलाची विहीर आहे आणि आमचे हे तिच्यावर उपचार करतात. महिनाभर तिच्याकडे, मग काही दिवस यवतमाळला माझ्याकडे.

तिचं दुखणं असं, की तेलाऐवजी पाणीच वर येतं. खडकातल्या मोठ्या भेगांतून पाणी धावतं आणि बारीक छिद्रांतलं तेल मागेच राहतं. मग यांची माणसं औषधाचं पातळ पाणी आत सोडतात. ते पाण्याच्याच वाटेनं भेगांत शिरतं आणि तिथं घट्ट होतं. त्याला जेल म्हणतात. आपण विरजण लावतो तसंच, पातळ असताना ओतायचं आणि मग भांडं हलवायचं नाही. नळीतच घट्ट झालं तर सगळं कामच बसलं, उशिरा झालं तर पाणी त्याला धुऊन नेतं. भेगा नीट बुजल्या की तेलाला वाट मिळते. या माणसाला पाणी बंद करण्याचा पगार मिळतो, आणि इकडे त्याची बायको नळ कधी येतो म्हणून कान लावून बसते.

जळायला मला एवढंही पुरे होतं. पण खरी आग वेगळीच होती. घरी असले तरी सकाळी डोळे उघडताच यांचा फोन तिकडे, आणि पहिला प्रश्न, "पाणी किती येऊन राह्यलं?" मग दाब किती, रंग कसा. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला मात्र कशी आहेस म्हणून एकदाही विचारल्याचं आठवत नाही. मागच्या सुट्टीत आम्ही कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो. देवाला काय मागितलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, जेल नीट बसू दे. माझा तिळपापड झाला. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण फोन वाजला होता.

या खेपेला ते जेल भरून, विहीर बंद ठेवून घरी आले होते. काही दिवसांनी तिकडच्या लोकांनी ती उघडली आणि फोन आला. पाणी पहिल्याएवढंच. हे भिंतीला टेकून खालीच बसले. समोरच्या चहावर साय धरली. सवत हरली म्हणून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण मग त्यांचे भरलेले डोळे दिसले आणि तो आनंद नासला. माझ्यासाठी हा माणूस असा कधी बसला नव्हता.

मी विचारलंच, "माह्यासाठी बसले असते काय तुम्ही असे?"

त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग अगदी मनापासून म्हणाले, "तुह्यासाठी कायले? तू कधी बंदच नाही पडली."

त्यांच्या मते ते कौतुक होतं. मी कप उचलला आणि चहा पुन्हा गरम करायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. गल्लीत बादल्यांचा आवाज सुरू झाला. एरवी पहिली धाव माझी असते. त्या दिवशी मी चादर डोक्यावर ओढून घेतली. यांनी हाक मारली, नळ आला म्हणून. मी हलले नाही. पुन्हा हाक मारली. शेवटी स्वतःच उठले. पाइप कुठे असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, तो शोधताना काहीतरी धाडकन पडलं. तेवढ्यात फोन वाजला. तो वाजत राहिला. हे ओल्या हातांनी आत आले आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"काय झालं तुले? कशी आहेस?"

मी डोळे उघडले नाहीत. एकदा विचारून भागणार नव्हतं.