शंकरकाकांचा ईईजी

"डोळे मिटा काका," मी म्हणालो आणि स्क्रीनकडे बघत राहिलो. जे दिसायला हवं होतं ते दिसेना.

मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात ईईजी टेक्निशियन आहे. डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून मेंदूतल्या विजेच्या लाटा रेकॉर्ड करतो. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे मेंदू बघण्याचं काम करतो, तिथे संथ, एकसारखी लाट उठते. तिला अल्फा म्हणतात. काकांची अल्फा अगदी पुसट होती. उलट समोरच्या बाजूला बारीक, जलद लाटांची दाटी. ती बीटा.

इतकी बीटा दिसली की मला आधी झोपेच्या गोळीचा संशय येतो. मेंदूतल्या पेशींवर ब्रेकसारखं काम करणारे रिसेप्टर असतात. गोळी तो ब्रेक जास्त दाबते. मग पेशी एकदम थांबतात, एकदम सुटतात, एका ठेक्यात. माणूस सुस्त, लाट मात्र जलद. मिरगीच्या खुणाही या गोळीखाली दबून जातात.

शंकरकाका शाळेची बस चालवायचे. घरी जेवताना झटका आला, म्हणून आमच्या डॉक्टर मॅडमनी ही टेस्ट सांगितली होती. माझ्या लहानपणी ते आमच्या गावावरून जाणाऱ्या खासगी बसवर होते. थंडीत मला इंजिनाच्या गरम बोनेटवर बसवायचे. डिझेलच्या वासात आणि त्यांच्या गुणगुणण्यात माझे पाढे पाठ झाले. तो वास आजही कुठे आला की मी क्षणभर थांबतो.

"काका, रात्री गोळी घेतली का?"

"तुह्या काकूची घेतली एक. डोकं शांत राहीन त रिपोर्ट चांगला येईन, म्हटलं." मग हळूच म्हणाले, "मॅडमले नको सांगू गा. स्टीअरिंग गेलं त मी घरी बसून काय करू?"

मी काही बोललो नाही. त्यांनी तो होकार समजला. मी समजू दिला.

ते गेल्यावर मॅडमना सगळं सांगितलं. गोळीचा असर उतरल्यावर टेस्ट पुन्हा झाली. अल्फा परत आली, आणि सोबत मिरगीच्या टोकदार लाटाही. मॅडमनी औषध सुरू केलं, बस चालवणं बंद करायला सांगितलं.

बाहेर पडताना काका माझ्याजवळ थांबले. "गाडीत लेकरं बसतात, मलेबी समजते. पण 'सांगतो' म्हणून तवाच म्हणायचं होतं तू."

शाळेनं त्यांना गेटवर ठेवून घेतलं. झटका पुन्हा आलेला नाही. फॉलोअपला ते माझ्या सुट्टीच्या दिवशी येतात.

टेस्टआधी गोळी घेतली असेल तर टेक्निशियनला सांगा. आणि टेक्निशियननं डॉक्टरांना जे सांगायचं ठरवलंय, ते पेशंटला तोंडावर सांगावं.