गरुडवाली लक्ष्मी

चांदीचा जुना अमेरिकन डॉलर घासायचा नसतो. नाणी जमवणाऱ्यांच्या जगात हा पहिला धडा. चांदीवर वर्षानुवर्षं हवेने जो रंग चढतो, त्यालाच खरा भाव. माझ्याकडच्या एका डॉलरवर असा रंग चढला होता, की बघत राहावं! कडेला निळा, मग जांभळा, मध्यावर मधासारखा पिवळा. गुरुग्रामच्या एका जाणकाराने फोटो बघूनच सांगितलं होतं, "मॅडम, दिवाळी के बाद ले आइए." मी कधीपासून शोधत असलेला एक डॉलर त्याच्याकडे होता. अदलाबदल जवळजवळ ठरलीच होती. ऑफिसात लोक मला वेडी म्हणायचे. म्हणोत बापडे.

त्या वर्षी घरात खरी काळजी मात्र वेगळीच होती. सासरे गेल्यावर आम्ही सासूबाईंना आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये घेऊन आलो. गावी अख्ख्या गल्लीला हसवणारी ही बाई इथे बाल्कनीत खुर्ची टाकून नुसती बसून असायची. नवरात्रात शेजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या, तेव्हा मी मुद्दाम करंडा त्यांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी हात मागे घेतला. "मला नको गं त्यात ओढूस. माझा हात नको लागायला कुंकवाला," म्हणाल्या आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या. मला असला संताप आला! त्यांच्यावर नाही, त्यांच्या डोक्यात हे कोणी भरलं त्याच्यावर. पण समजावणार कसं? मी अन् नवरा दोघंही बोलून बोलून थकलो होतो.

लक्ष्मीपूजनाला मी ऑफिसातून लवकर निघाले. तरी ट्रॅफिकने जीव खाल्लाच. दार उघडलं तर घरात धुपाचा वास. चौरंग मांडलेला, भोवती रांगोळी, आणि सासूबाई चक्क काठापदराचं लुगडं नेसून समोर बसलेल्या! कपाटाच्या लॉकरमधून पूजेची चांदी काढताना त्यांना शेजारचा माझा डबा दिसला होता. तबकात माझे सगळे डॉलर ओळीने मांडलेले. लखलखीत. पांढरेफटक.

"अगं, किती काळवंडल्या होत्या गं देवी!" त्या उत्साहाने म्हणाल्या. "दंतमंजन लावून ब्रशने घासल्या एकेक. दुपार गेली माझी. आणि हे बघ, पाठीमागे गरुड! म्हणजे लक्ष्मीच की ही. परदेशातली असेना का!"

डॉलरवर एका बाजूला मुकुट घातलेल्या बाईचा चेहरा असतो आणि दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. आमच्याकडच्या कुठल्याही बाईने दुसरं काय समजावं?

माझं तोंड उघडलं. माझा स्वभाव घरात सगळ्यांना ठाऊक. सासूबाईंच्या पाठीमागे उभ्या नवऱ्याने मला हात जोडले, डोळ्यांनी म्हणत होता, यार, प्लीज. तेवढ्यात माझं लक्ष गेलं. प्रत्येक डॉलरवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती आणि करंडा सासूबाईंच्या मांडीशी होता. उजव्या हाताचं बोट लालभडक.

"छान झालंय, आई," मी म्हणाले. मग बाथरूममध्ये नळ सोडून मनसोक्त रडले. डॉलरसाठीच रडले, उगाच कशाला खोटं सांगू?

भाऊबीज झाली आणि सासूबाईंना 'एकाला डॉलर दाखवून येते' एवढंच सांगून मेट्रोने गुरुग्राम गाठलं. म्हटलं, बघू तरी. त्या भल्या माणसाने भिंग डोळ्याला लावलं, डॉलर दिव्याखाली तिरपा केला. सगळीकडे बारीक ओरखडे. त्याचा चेहरा माझ्याहून जास्त पडला. "किसने किया?"

"सासूमाँ ने. पूजा के लिए."

"अब ये सिर्फ चांदी है, मॅडम," तो हळूच म्हणाला आणि डॉलर माझ्या तळहातावर ठेवला. अदलाबदलीचं त्याने पुन्हा काढलं नाही, मीही नाही.

घरी आले तर दार सासूबाईंनीच उघडलं. "पसंत पडली का गं देवी त्याला?"

मेट्रोत थाप तयार करून ठेवली होती. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "मी घासली म्हणून बिघडली?"

"हो, आई. बिघडली."

त्या मटकन सोफ्यावर बसल्या. "अरे देवा! मग तेव्हाच बोलली का नाहीस? भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेतेस तू!"

"तुम्ही कुंकू लावलं होतंत ना," मी म्हणाले. "स्वतःच्या हाताने. मी ओरडले असते तर पुन्हा कधी लावलं असतंत का? तसे डॉलर मला दुसरे मिळतील. खरं सांगते आई, मला त्या दिवशी जे मिळालं ना, ते त्या माणसाकडे नव्हतं. मी उपकारच मानते तुमचे."

त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग उठल्या, देवघरातून करंडा घेऊन आल्या आणि माझी हनुवटी डाव्या हाताने वर केली. उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं. माझे डोळे भरून आले, नाक ओढलं गेलं, मान हलली.

"हलू नकोस," सासूबाई म्हणाल्या, "वाकडं लागेल."