मागे राहिलेलं गोदाम

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रोज सकाळी माझ्याशेजारी बसणारे हे गृहस्थ मोठमोठ्या गोदामांचे आराखडे काढतात. बोलता बोलता एक डोळा मिटून हातातली रंगाची पट्टी आभाळासमोर धरतात. "भिंत वर जाईल तसा रंग फिका करायचा आणि छपराला मागच्या डोंगराचा उतार द्यायचा. एवढं धूड लोकांच्या डोळ्यांत कशाला खुपवायचं?" हे ऐकून ऐकून मला पाठ झालंय.

परवा आपलं नवं गोदाम दाखवायला ते मला भिवंडीपलीकडे घेऊन गेले. गाडी तेच चालवत होते. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "अजून किती लांब?"

त्यांनी गाडी कडेला घेतली, आरशात मागे पाहिलं आणि खदखदून हसत माझ्यापुढे टाळीसाठी हात केला. "अरे, मागेच राहिलं! मलासुद्धा दिसलं नाही!"