आमच्या सुनेले वीकनेस नाही!

माझ्या नोकरीच्या मुलाखतीत माझ्यापेक्षा जास्त प्रश्नांची उत्तरं माझ्या सासूबाईंनी दिली. त्यांनी नोकरीसाठी अर्ज केलेला नव्हता.

अर्ज मी केला होता. वाशीमला एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे, तिथं दिवसाच्या वार्डनची जागा निघाली होती. माझं वय एक्केचाळीस, शिक्षण बी.ए., आणि मार्कशीट लग्नापासून पेटीत साड्यांच्या खाली. (डांबराच्या गोळ्यांचा वास अजून गेलेला नाही!) आमच्या गावात, अनसिंगात, मला कुणी 'वयनी' म्हणतं, कुणी 'प्रणवची आई', कुणी नुसतंच 'अव'. माझं नाव सुनीता आहे हे रेशनकार्ड सोडलं तर कुणाच्या लक्षात नव्हतं. चार माणसांनी मला माझ्या नावानं हाक मारावी, माझ्या कामासाठी मारावी, असं मला फार वाटायचं. त्यात चुलत दीर म्हणाले, "या वयात कोन देते नोकरी?" झालं! तोवर नुसती इच्छा होती, त्या मिनिटापासून हट्ट झाला.

आमच्या ह्यांचं गावात झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं गिऱ्हाईक कमी आणि मोबाईल पाहणं जास्त. त्यांनी मुलाखतीतल्या आडव्या प्रश्नांचे व्हिडिओ पाहिले आणि आठवडाभर माझी तालीम घेतली. हे साहेब होऊन खुर्चीवर, मी उमेदवार होऊन स्टुलावर. साहेब झाल्यामुळं मला चक्क 'तुमी' म्हणायचे. तेवढ्यासाठी मी सगळं सहन केलं.

"हत्तीले फ्रिजमंधी कसं ठेवसान?"

"आधी तुमच्या आईची लोनच्याची बरनी काढा, मंग पाहू."

"सायबाले असं बोलतेत का?"

"सायबानं आज आंघोळ केली का?"

ह्यांनी चष्मा वर सरकवला आणि पुढचा प्रश्न टाकला. "तुमी भाजी असत्या, तं कोनती असत्या?"

मी विचार करत होते, तेवढ्यात तूर निवडता निवडता सासूबाईंनी मान वर न करता सांगून टाकलं, "कारलं."

ह्यांच्या मते सगळ्यात अवघड प्रश्न एकच होता. 'तुमचा वीकनेस काय?' इथं म्हणे खरा दोष सांगायचा नाही. आपला गुणच दोषासारखा तोंड पाडून सांगायचा. "म्हनायचं, काम हातात घेतलं की मले तहानभूक राहत नाही, हाच माह्या वीकनेस." मी ते घोकून घोकून पाठ केलं. आणि नेमकी ही एकच तालीम झाली तेव्हा सासूबाई मानोऱ्याला माझ्या नणंदेकडे गेल्या होत्या! सगळा घोळ त्यातून झाला.

कारण आमच्या भागात वीकनेस हा रोग आहे. ताप असो, चक्कर असो, की शेजारणीशी भांडून आलेला थकवा असो, डॉक्टर नाडी पाहतात, "वीकनेस आहे" म्हणतात आणि सलाईन लावतात. वर ज्या घरच्या सुनेला वीकनेस येतो, त्या घरच्या सासूबद्दल गाव कुजबुजतं, की सुनेला पोटभर खाऊ घालत नसेल!

मुलाखतीच्या दिवशी सासूबाई सकाळीच नऊवारी नेसून तयार. म्हणाल्या, "मी पन येतो. दाताच्या डाक्टरकडं जायचं हाये." कोणता दात, म्हणून विचारलं तर तीन वेळा तीन वेगवेगळे दात दाखवले. मग आम्ही तिघंही एसटीनं वाशीमला गेलो. संस्थेच्या ऑफिसबाहेर एक बाक होता. त्यावर हे आणि सासूबाई बसले. दाराचं कवाड उघडं, मधे नुसता पडदा, आणि बाक पडद्याला अगदी चिकटून!

आत तिघं होते. वसतिगृहाच्या शाळेच्या मुख्याध्यापक बाई, संस्थेचे सचिव आणि खास पुण्याहून बोलावलेले एक टायवाले साहेब. वाशीमच्या एप्रिलात टाय! त्यांना पाहूनच मला घाम फुटला.

"या खोलीत किती पेनं मावतील?" टायवाल्यांनी सुरुवात केली.

"मुलींची असतील तर कितीही मावतील, सर. संध्याकाळपर्यंत एकही सापडणार नाही."

मुख्याध्यापक बाई खुदकन हसल्या. मी खुर्चीत जरा सैलावून बसले. मग टायवाल्यांनी बोटं एकमेकांत गुंतवली आणि म्हणाले, "तुमचा वीकनेस काय, सुनीता मॅडम?"

सुनीता मॅडम! मला इतका आनंद झाला की पाठ केलेलं उत्तर मी शाळेतल्या कवितेच्या आवाजात म्हटलं. "सर, माझा वीकनेस असा, की कामापायी मला तहानभूक राहत नाही. मी जेवतच नाही!" ('जेवतच नाही' हे मूळ उत्तरात नव्हतं. भर माझी.)

पडदा हलला. सासूबाई आत.

"कोनाले हाये वीकनेस?"

"आजी, तुम्ही कोण?" सचिवांनी विचारलं.

"हिची सासू! अन् जेवत नाही म्हन्ते? सायेब, आज सकाळी तीन भाकरी खाऊन निंगाली हाये! वरून ठेचा!"

"आई, तसं नाही..."

"तू चूप राय! सायेब, आमच्या सुनेले वीकनेस नाही! सोयाबीनचं पोतं एकटी उचलते. दोन बाळंतपनं झाली, एक सलाईन लागली नाही. मागच्या साली माह्या पाय मोडला, तवा महिनाभर मले हिनंच उचललं, हिनंच बसोलं. वीकनेस असता तं उचललं असतं का?"

पडद्यातून ह्यांनी मुंडकं आत घातलं. "आई, थो वीकनेस वेगळा हाये! आजाराचा नाही!"

"वीकनेस तं वीकनेस असते! तुले काय समजते, झेरॉक्सवाल्या!"

मुंडकं बाहेर गेलं.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'भाजी बरी झाली' असंही मी ऐकलं नव्हतं. आणि आता बघा, परक्या माणसांसमोर कौतुकाचा पूर! माझे डोळे भरून आले. त्याच वेळी धरणीनं पोटात घ्यावं असंही वाटत होतं. मुलाखतीचा पार चुथडा झाला होता.

टायवाल्यांना मात्र गंमत वाटू लागली. "बसा आजी. समजा, होस्टेलची एक मुलगी रडते, घरी जायचं म्हणते, जेवत नाही. काय कराल?"

हा प्रश्न माझा होता! 'समुपदेशन' या विषयावर माझं बारा ओळींचं उत्तर तयार होतं. मी तोंड उघडेपर्यंत सासूबाई बोलल्यासुद्धा.

"तिच्या म्होरं बसून आपन जेवाचं. चवीनं. दहा मिनिटात थे आपलं ताट घेऊन येते."

सचिवांनी ते लिहून घेतलं!

"आणि दोन मुली भांडल्या तर?"

"दोघीले एकच बादली द्याची अन् म्हनाचं, कपडे धुवा. बादलीसाठी बोलाच लागते एकमेकीले."

सचिवांनी पान उलटलं. माझ्या मुलाखतीला मी आता प्रेक्षक होते. शेवटी टायवाल्यांनी फाईल मिटली आणि हसत हसत माझ्याकडे वळले. "सुनीता मॅडम, घरात सगळं सासूबाईच ठरवतात असं दिसतंय. मग साठ मुली तुमचं काय ऐकणार?"

हा प्रश्न ह्यांच्या एकाही व्हिडिओत नव्हता. मला चुलत दिरांचं तोंड आठवलं, आणि माझी शुद्ध मराठी कुठल्या कुठं पळाली. मी उभी राहिले.

"सायेब, या बाईसोबत एका चुलीवर मी एकोनीस वर्सं काढली! एक दिवस माहेरी पळून गेली नाही, अन् एक दिवस माघार घेतली नाही. साठ पोरी म्हंजे मले सुट्टी हाये, सुट्टी! नोकरी द्याची नसन तं नका देऊ. पन माह्यं कोनी ऐकत नाही असं म्हनाचं काम नाही. इथं अर्ज केला तवा मी कोनालेच इचारलं नव्हतं, अन् तुमच्यासमोर बसाले भेतही नाही!"

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की 'या बाईसोबत' मधली बाई माझ्या हाताला लागून उभी आहे. सासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आता इथंच माझा निकाल लागणार, असं मी धरून चालले. त्या टायवाल्यांकडे वळल्या.

"आता सांगा. हाये का वीकनेस?"

मुख्याध्यापक बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी माझा फॉर्म ओढला, अनुभवाची रिकामी जागा शोधली आणि तिथं स्वतःच्या हातानं 'एकोणीस वर्षे' असं लिहिलं.

नोकरी मला मिळाली. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई गावात सांगत सुटल्या, "मी खट होतो म्हनून तिले नोकरी लागली! साधी सासू असती तं लागली असती का?" चुलत दिरांच्या दारात तर त्या हे सांगायला दोनदा गेल्या. माझी हरकत नव्हती. मीसुद्धा त्यांच्या मागं उभी होते.

आता वसतिगृहात सगळ्या मला सुनीता मॅडम म्हणतात. निदान समोर तरी. परवा मी व्हरांड्यातून जात होते, तर एक जुनी मुलगी नव्या मुलीला समजावून सांगत होती, "बाकी सारं चांगलं हाये इथं, पन वार्डन मॅडम पक्की सासू हाये!"

हे मी घरी अजून कळू दिलेलं नाही. कळलं तर सासूबाई गावभर पेढे वाटतील.